शुश्रूषाशास्त्रातील संशोधन व अस्सल साधने : कोयनानगरच्या निमित्ताने काही विचार

अस्सल कागदावाचून विधान करू नये, आणि केल्यास त्या कागदाचा ठावठिकाणा सांगावा, हा दंडक आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कै. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून महाराष्ट्रातील संशोधनाचा तो पाया होऊन बसला आहे. तोच दंडक आज आम्ही एका अशा शास्त्राच्या लेखनास लावून पाहणार आहो की, ज्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. ते शास्त्र रुग्णशुश्रूषेचे होय. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते १९१० साली. परिचारिकांच्या अखिल भारतीय संघाचे (स्थापना १९०८) ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ हे मुखपत्रही त्याच वर्षी निघू लागले. तेव्हा वयाने दोन्ही परंपरा बरोबरीच्या आहेत, आणि बरोबरीच्याने बरोबरीच्यास दोष दाखविणे हे सौजन्यास सोडून होणार नाही.

पहिला दोष पुनरुक्तीचा. शुश्रूषेच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तके उघडली असता, १८९१ साली मुंबईच्या जमशेदजी जिजीभाई रुग्णालयात शिक्षणार्थ आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या हिंदी परिचारिका होत, ही ओळ आढळते. ती एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आली आहे. परंतु तिच्याखाली प्रवेशाच्या नोंदवहीचा किंवा अहवालाच्या पृष्ठाचा निर्देश आमच्या पाहण्यात आलेला नाही. विधान खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. दहा पुस्तकांत आल्याने विधानास दहा साक्षी मिळत नाहीत, साक्ष एकच राहते, व तीही कागदावाचून, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर होय. १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून शुश्रूषाशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधांची संख्या पुष्कळ वाढली. त्यांतील फार मोठ्या भागाची घडण एकाच साच्याची असते. अमुक विषयावर आखीव शिकवणी दिली, शिकवणीपूर्वी व शिकवणीनंतर तीच प्रश्नावली भरून घेतली, गुण वाढले, सबब शिकवणी परिणामकारक ठरली. शिकविल्यावर लगेच विचारले असता अधिक उत्तरे येतात, हे तात्या पंतोजीसही ठाऊक होते. परंतु आमचा मुख्य आक्षेप शीर्षकातील एका शब्दावर आहे. हे अभ्यास ‘निवडक रुग्णालयांत’ केलेले असतात. रुग्णालय कोणते, गाव कोणते, वहिवाट कोणती, हे पुसून टाकलेले असते. ज्या पत्रावर स्थळ नाही व मिती नाही, त्या पत्रास आपण किती किंमत देतो, याचा विचार वाचकांनीच करावा.

यावर उत्तर असे की, रुग्णाचे गुपित राखणे हा शुश्रूषेचा धर्म आहे. तो आम्हांस पूर्ण मान्य आहे. रुग्णाचे नाव कदापि छापू नये. परंतु व्यक्ती झाकणे निराळे आणि स्थळकाळ झाकणे निराळे. पहिल्याने रोग्याचे रक्षण होते; दुसऱ्याने शास्त्राची हानी होते.

ही हानी किती मोठी आहे, हे कोयनानगरच्या उदाहरणावरून कळेल. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, लोक झोपेत असता, पाटण तालुक्यात भूकंप झाला. कोयनानगर वसाहतीतील बहुसंख्य घरे निकामी झाली. शिवाजीसागराच्या पाण्याचा या भूकंपाशी संबंध काय, यावर नारायण व गुप्ता यांचे टिपण १९६८ सालीच ‘नेचर’ पत्रात आले. भूकंपाचे मान ६.३ की ६.५, याची चर्चा आकड्यांनिशी छापली गेली. अलीकडे तर त्या भूमीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकाची परीक्षा करण्यात आली. खडकाविषयी एवढी दक्षता, आणि माणसांविषयी? मृतांचा आकडा कोठे १७७, तर कोठे दोनशेंहून अधिक. जखमींचा कोठे दीड हजार, तर कोठे बावीसशेंच्या वर. सातशेंच्या आसपास जखमी माणसांचा हा फरक ज्या कागदांनी मिटावयाचा, ते कागद म्हणजे वॉर्डातील दाखल्याचे रजिस्टर, पाळीगणिक लिहिलेले रिपोर्ट बुक आणि बदलीच्या चिठ्ठ्या. ते लिहिणारे हात परिचारिकांचे होते. कोणत्या जखमीस जागेवरच पट्टी बांधली, कोणास कऱ्हाडास व कोणास साताऱ्यास पाठविले, दगडमातीच्या भिंतीखाली चेंगरलेल्या अवयवांची देखभाल कशी केली, याचा शुश्रूषेच्या बाजूने लिहिलेला इतिहास आम्ही वाचलेला नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंचे तक्ते मांडून १८५८ साली सरकारास जाब विचारला, तो नोंदवहीच्या बळावर. म्हणजे नोंद हेच या शास्त्राचे मूळ शस्त्र आहे. असे असता त्याच्या उपासकांनी आपल्याच नोंदी रद्दीत जाऊ द्याव्यात, हे आश्चर्य होय. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे; पुढे ते जपणे जपणाऱ्याच्या इच्छेवर राहिले.

तिसरा दोष प्रकाशनाचा. बढतीसाठी छापील निबंध मोजण्याची रीत पडल्यापासून, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके माजली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, नंतर पुणे विद्यापीठाच्या साह्याने नवी यादी केली, आणि २०२५ साली तीही बंद करून निवडीचा भार संस्थांवर टाकला. यादी असो वा नसो, परीक्षकाने एकच प्रश्न विचारावा : या निबंधाचे मूळ कागद कोठे आहेत व ते पाहावयास मिळतील काय?

दोष दाखविले म्हणून आम्ही श्रमांचा अनादर करतो असे कोणी समजू नये. रात्रपाळी करून दोन वर्षांत प्रबंध पुरा करणाऱ्या विद्यार्थिनीने साचा पत्करला, तर तो अपराध तिचा नव्हे. साचा देणाऱ्यांचा आहे. त्यांनी एवढेच करावे की, दर वर्षी काही विद्यार्थिनींस आपापल्या जिल्ह्यातील जुन्या रुग्णालयांची दप्तरे यादीवार लावण्याचे काम प्रबंध म्हणून द्यावे. मिरजेस वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासूनचे. सातारा-सांगलीकडे अशा कामास साधने कमी पडू नयेत.

संग्राहकांसही आमची विनंती आहे. सनदा, बखरी, मोडी रुमाल आपण जपता. त्यांच्याच शेजारी एखाद्या परिचारिकेचे प्रमाणपत्र, तुकडीचे छायाचित्र, पाळीची वही आढळल्यास ती टाकू नये, स्थळ व साल लिहून ठेवावी. १९६७ साली विशीत असलेल्या परिचारिका आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडची हकीकत तारीखवार लिहून घेण्यास अवधी थोडा आहे. पाषाण आणखी शंभर वर्षे थांबेल. ही साक्ष थांबणार नाही.