दरडीची नोंद आणि अपघाताची नोंद : कोकण रेल्वेच्या सुरक्षाविचाराची चिकित्सा

२२ जून २००३ रोजी रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुटीतील विशेष गाडी वैभववाडीनजीक रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्ष पुरे होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ करंजाडी येथे मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच धोंड्यांमुळे घसरून तिचे डबे पुलावरून खाली गेले. एक स्थळ रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेस, दुसरे उत्तरेस. दोन्ही घटना मोसमी पावसाच्या पहिल्या सरींतल्या. अपघात मोजावा कसा आणि तो मोजणाऱ्या यंत्रणेची दृष्टी कशावर असावी, या प्रश्नाचा विचार या दोन घटनांना टाळून करता येत नाही.

या घटनांच्या सुमारास कोकण रेल्वे महामंडळाची ख्याती एका वेगळ्याच सुरक्षासाधनासाठी होती. १९९९ मधील गैसल येथील भीषण टकरीनंतर बी. राजाराम यांच्या पुढाकाराने महामंडळाने टक्करविरोधी उपकरण विकसित केले व 'रक्षा कवच' या नावाने त्याचा गौरवही झाला. अभियांत्रिकी कर्तृत्व म्हणून ते उपेक्षणीय नाही. परंतु वैभववाडी व करंजाडी येथे समोरून दुसरी गाडी आलीच नव्हती. समोर आला तो डोंगर. देशभरच्या अपघातांच्या कोष्टकात टक्कर ठळकपणे दिसत होती, म्हणून उपाय टकरीवर शोधला गेला. कोकणच्या भूमीतला धोका त्या कोष्टकात दिसत नव्हता.

तो का दिसत नव्हता, याचे उत्तर नोंदीच्या स्वरूपात आहे. रेल्वेच्या व्यवहारात टक्कर, रूळ घसरणे, आग, फाटकावरील अपघात असे वर्ग मानले जातात आणि जीवितहानी अथवा मोठे नुकसान झाले की ती घटना 'परिणामकारक' ठरते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार गंभीर अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, ही व्यवस्थेतील एक शहाणी तरतूद होय. तथापि मध्यरात्री धोंडा रुळांवर आला, गस्तीवरील ट्रॅकमनने तो पाहिला, गाडी थांबविली आणि पहाटेपर्यंत मार्ग मोकळा झाला, तर या भाषेत अपघात घडलेलाच नसतो. फार तर गाडीला झालेला विलंब नोंदला जातो. वास्तविक डोंगराच्या दृष्टीने दोन्ही घटना एकच आहेत. मध्ये गाडी आली की नाही, एवढाच काय तो फरक.

हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ मध्ये कारखान्यांतील अपघातांविषयी १, २९ व ३०० असे जे प्रसिद्ध प्रमाण मांडले, त्यातील आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली व ती रास्त आहे. मात्र मोठ्या हानीखाली हानी न झालेल्या घटनांचा मोठा थर असतो, हे त्यांचे निरीक्षण कोकणातील कटिंगना तंतोतंत लागू पडते. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांची चुकलेल्या संकटांविषयीची गोपनीय निवेदने नियामक संस्थेऐवजी नासामार्फत गोळा केली जातात. सांगणाऱ्याला शिक्षेचे भय राहू नये, हा त्यामागील हेतू. आपल्याकडे गस्तीवरच्या माणसाने सांगितलेले कोठवर पोहोचते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

२००४ नंतर महामंडळाने केलेले बदल मात्र मान्य केले पाहिजेत. कटिंगचे उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात अहोरात्र गस्त, चिपळूण व रत्नागिरीसह ठरावीक स्थानकांवर पर्जन्यमापक, वाशिष्ठीसारख्या नद्यांवरील पुलांना पूरसूचक यंत्रणा, रत्नागिरीनजीकच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजण्याची सोय अशी ही कामे आहेत. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात पर्जन्यमापक हेसुद्धा अपघाताच्या नोंदीचेच साधन ठरते, कारण ते घटनेच्या आधीची नोंद करते. पण सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा होता. दीर्घकाळ १० जून ते ३१ ऑक्टोबर असे राहिलेले पावसाळी वेळापत्रक व मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा यांमागे सरळ गणित आहे. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या गतिज ऊर्जेच्या मानाने ताशी ४० ने धावणाऱ्या त्याच गाडीची ऊर्जा केवळ १६ टक्के असते. मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीच्या दिवसांत या संथपणाबद्दल केलेली कुरकुर समजण्यासारखी आहे. पण त्या कुरकुरीला नमून वेग वाढविणे समर्थनीय ठरणार नाही.

या सुधारणांनंतरही नोंदीचा मूळ दोष उरतोच, आणि त्याला हद्दीचा आणखी एक पदर आहे. ४ मे २०१४ रोजी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे व रोहा यांदरम्यान घसरली व सुमारे २० प्रवासी दगावले. तो मार्ग मध्य रेल्वेचा. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या प्रवाशांनी भरणारी ही गाडी कोकण रेल्वेच्या अपघातगणनेबाहेर राहते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा जयगड व राजापूर येथून निघालेल्या दोन एस. टी. गाड्या त्यात गेल्या. विनाअपघात सेवेबद्दल चालकाचा सन्मान करण्याची एस. टी.तील प्रथा स्तुत्य आहे. परंतु सावित्रीवर चालकाच्या कौशल्याचा प्रश्नच नव्हता. पूल एकाचा, गाडी दुसऱ्याची, पुराचे मापन तिसऱ्याकडे, अशा स्थितीत प्रत्येक खात्याचे कोष्टक स्वच्छ राहूनही प्रवासी मरू शकतो. प्रवाशाचा संपूर्ण प्रवास हाच गणनेचा घटक मानणारी नोंदवही जिल्ह्याच्या पातळीवर ठेवणे प्रशासनास अशक्य नाही.

१४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटी बोगद्याजवळ दरड कोसळून कोकण रेल्वेची वाहतूक सुमारे २४ तास बंद राहिली. हजारो प्रवासी खोळंबले, गाड्या रद्द झाल्या वा अन्य मार्गाने वळविल्या गेल्या. जीवितहानी झाली नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांत ती वाहतुकीच्या खोळंब्याची बातमी ठरली. वैभववाडीच्या घटनेशी तिची तुलना करून त्या कटिंगचा उतार, आदल्या दिवसांचा पाऊस आणि गस्तीच्या वेळा एकत्र मांडणारा अभ्यास कोकणातील महाविद्यालयांच्या भूगोल, भूशास्त्र व संख्याशास्त्र विभागांना सहज हाती घेता येईल.