लढाईचा खेळ आणि रसदेचे गणित

संगणकावरच्या खेळांचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत दोन मते ऐकू येतात. एक, मुले वाया चालली. दुसरे, त्यातूनही बुद्धीला चालना मिळते. दोन्ही मते बहुधा खेळ न पाहताच दिलेली असतात. म्हणून आम्ही ठरवले की एक खेळ नीट खेळून पाहायचा, नवशिक्याने तो कसा खेळावा हे सांगायचे आणि मगच त्याचे परीक्षण करायचे.

आम्ही निवडलेला खेळ सोपा नाही. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' हे त्याचे नाव. स्वीडनच्या पॅराडॉक्स या कंपनीने तो ६ जून २०१६ रोजी बाजारात आणला. विषय दुसरे महायुद्ध. खेळाचा आरंभ १ जानेवारी १९३६ ला होतो आणि खेळणारा एका संपूर्ण देशाचा कारभार हाती घेतो. बंदूक हातात घेऊन धावण्याचा हा खेळ नव्हे. येथे कारखाने, रेल्वे, तेल, भरती, संशोधन आणि सैन्याच्या हालचाली यांचे नियोजन करायचे असते. नकाशावर लढाई खेळण्याची कल्पना जुनीच आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून असा सराव होत असे. आता फासे आणि पंच या दोघांचे काम संगणक करतो, एवढाच फरक.

उदाहरणे मात्र आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली घेतली आहेत. घाट, किल्ला, धान्याचे कोठार आणि धरण ही सर्व तेथे शाळेच्या सहलीतही पाहता येतात, आणि या खेळाचे मर्म नेमके त्यांतच आहे.

प्रथम नवशिक्यासाठी चार गोष्टी.

पहिली, घाई करू नये. खेळातले घड्याळ तासातासाने पुढे सरकते, पण ते केव्हाही थांबवता येते. थांबवून नकाशा वाचणे हा कमीपणा नव्हे. सुरुवातीला खेळातच दिलेला इटलीचा धडा गिरवावा आणि इतर देश इतिहासाला धरून वागतील अशी सोय चालू ठेवावी. म्हणजे निदान पुढे काय येणार याचा अंदाज राहतो.

दुसरी, आधी कारखाने वाढवावेत, तोफा नंतर. खेळात कारखाने मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. नागरी कारखाने नवी बांधकामे करतात, लष्करी कारखाने शस्त्रे बनवतात. नागरी कारखान्याने आणखी एक नागरी कारखाना बांधला की बांधकामाचा वेगच वाढतो. हे चक्रवाढ व्याज आहे. म्हणून पहिली सुमारे दोन वर्षे भांडवल वाढवावे आणि युद्ध जवळ आले की लष्करी कारखान्यांकडे वळावे. वळण्याची वेळ चुकली तर भांडवल भरपूर आणि बंदुका नाहीत, अशी अवस्था होते.

तिसरी, उत्पादनाच्या रांगा थोड्या ठेवाव्यात आणि त्या वारंवार बदलू नयेत. एकच वस्तू सतत बनवत राहिले की कार्यक्षमता हळूहळू वाढते. वस्तू बदलली की ती घसरते. कोणत्याही कारखान्यातला कामगार याला दुजोरा देईल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रसद. नवशिका लांबच लांब आघाडीवर मिळेल तेवढे सैन्य उभे करतो, सगळीकडे एकदम हल्ला करतो, आणि आठवड्याभरात सैन्य का वितळू लागले हे त्याला कळत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या सुधारणेपासून खेळात रसद राजधानीपासून रेल्वेने निघते, ठराविक रसदकेंद्रांवर उतरते आणि तेथून घोड्यांवर किंवा मालमोटारींतून पुढे जाते. केंद्रापासून जितके दूर जावे तितकी ती आटते. म्हणून हल्ल्यापूर्वी रसदेचा नकाशा उघडून पाहावा, आणि जेथे दहा तुकड्या पोसता येतात तेथे वीस पाठवू नयेत.

पण अंतराबरोबर रसद का आटते? खेळ तेवढे सांगत नाही, नकाशावर रंग फिका करून मोकळा होतो. कारण समजून घ्यायचे तर जुन्नरला यावे.

कोकणातून घाटावर येणारी जुनी व्यापारी वाट नाणेघाटाने जुन्नरकडे येते. तिच्या परिसरात जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले उभे आहेत. शिवनेरीवर पाण्याची गंगा-जमुना टाकी आहेत आणि धान्याचा अंबरखाना आहे. आता एक हिशेब मांडू. आकडे आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत, ते ऐतिहासिक नव्हेत.

समजा, गडावर ५०० माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज ७५० ग्रॅम धान्य लागते. म्हणजे रोज ३७५ किलो. लादलेला बैल १०० किलो ओझे घेऊन दिवसाला १५ किलोमीटर चालतो आणि रोज ६ किलो वैरण खातो. वाटेत चरायला काही नाही, म्हणून जाण्यायेण्याची वैरण त्याच ओझ्यातून द्यायची. कोठार दोन दिवसांच्या वाटेवर असेल, तर चार दिवसांत बैल २४ किलो खातो आणि ७६ किलो पोचवतो. रोज पाच बैल पोचले की भागते. प्रत्येक बैलाची फेरी चार दिवसांची, म्हणजे एकूण २० बैल पुरेत. आता कोठार चार दिवसांवर नेऊ. बैल ५२ किलो पोचवतो, फेरी आठ दिवसांची होते आणि सुमारे ५८ बैल लागतात. आठ दिवसांवर नेले तर १०० पैकी ९६ किलो बैलाच्याच पोटात जातात. उरतात ४ किलो. आता बैल लागतात दीड हजार!

अंतर चौपट झाले आणि बैल पंचाहत्तरपट. रसद सरळ रेषेत आटत नाही, कारण वाहून नेणाराही खातो. मालमोटारीलाही हेच लागू आहे, फक्त ती वैरणीऐवजी तेल खाते. एवढे गणित फळ्यावर मांडले की खेळातला फिका रंग बोलू लागतो. अंबरखाना गडावरच का बांधला हेही कळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नरच्या मोगल ठाण्यावर छापा घातला तेव्हा मुलूख जिंकून धरला नाही, रोकड आणि घोडे नेले. ही गोष्टही मग निव्वळ शौर्यकथा न राहता हिशेबाची होते.

या बाबतीत खेळाला आम्ही चांगले गुण देतो. युद्ध हे केवळ सेनापतींच्या पराक्रमावर ठरत नाही. पोलाद, तेल, अॅल्युमिनियम, रबर आणि रूळ यांवर ते ठरते, हे तो मुलाच्या मनावर ठसवतो. जपानने १९४२ मध्ये मलाया घेतल्यावर दोस्तांना रबराची चणचण का भासली, किंवा जर्मन सैन्य कॉकेशसच्या तेलाकडे का वळले, हे पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींपेक्षा या खेळाने अधिक नीट समजते.

आता दुसरी बाजू. खेळ हे युद्धाचे प्रतिमान आहे, म्हणजे रोजच्या भाषेत मॉडेल. कोणतेही प्रतिमान काही गोष्टी मोजते आणि काही सोडून देते. नवशिक्यासाठीच्या सूचना नीट वाचल्या तर त्यातून खेळ काय मोजतो याची यादीच मिळते. कशाबद्दल एकही सूचना देण्याची गरज पडली नाही, ते पाहिले की त्याने काय सोडले तेही दिसते.

आमच्या बैलाच्या हिशेबातही आम्ही एक गोष्ट सोडली होती. ३७५ किलो धान्य कोठारात आले कोठून? ते कोणाच्या तरी शेतातून आले. निजामशाहीविरुद्ध शाहजहानची मोहीम चालू असतानाच १६३०-३२ चा भीषण दुष्काळ दख्खन आणि गुजरातवर पडला. त्याच सुमारास शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. गवत करपले की वाटेत चरणे संपते आणि बैलाची वैरणही गावातूनच काढावी लागते. फौजेला लागणारे धान्य आणि गावाला लागणारे धान्य हे एकच असते. फौजेच्या हिशेबात गावाची उपासमार दिसत नाही, कारण त्या वहीत तिचा रकानाच नसतो.

खेळात सामान्य माणूस मुख्यतः दोन ठिकाणी भेटतो. एक, भरती करता येईल असे 'मनुष्यबळ'. दुसरे, नागरिकांच्या वापराच्या वस्तूंसाठी अडकून पडणारे कारखाने. दोन्हीकडे तो टक्केवारी आहे. नवशिक्याला सूचना मिळते की युद्धकालीन अर्थव्यवस्था शक्य तितक्या लवकर लागू करावी, म्हणजे नागरिकांसाठी अडकलेले कारखाने मोकळे होतात. खेळाच्या दृष्टीने सूचना अगदी बरोबर आहे. पण 'मोकळे होणे' म्हणजे कोणाच्या घरातले कापड, रॉकेल आणि साखर कमी होणे, हे पडद्यावर दिसत नाही.

भरतीचेच पाहा. 'केवळ स्वयंसेवक' या नियमाखाली खेळ लोकसंख्येच्या दीड टक्का मनुष्यबळ देतो. १९४१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ३९ कोटी होती. दीड टक्का म्हणजे साडेअठ्ठावन्न लाख. प्रत्यक्षात युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांचे होते, म्हणजे ०.६४ टक्के. असा फरक पडतो म्हणून खेळ रचणाऱ्यांना देशागणिक वेगळ्या दुरुस्त्या जोडाव्या लागतात. पण ते २५ लाख कोण होते, कोणत्या गावांतून आणि कोणत्या गरजेपोटी गेले, पारतंत्र्यातल्या माणसाने राज्यकर्त्याच्या युद्धात जाणे याचा अर्थ काय, हे प्रश्न दुरुस्तीच्या आकड्यात मावत नाहीत.

बांधकामाचीही तीच गत. प्रत्येक प्रदेशात बांधकामासाठी काही जागा रिकाम्या दाखवलेल्या असतात. तेथे बटण दाबायचे आणि वाट पाहायची. आंबेगाव तालुक्यातल्या मुलांना यातली खोच सांगावी लागत नाही. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाने खालच्या शेतांना पाणी दिले हे खरे, पण बांधकामाची जागा रिकामी नव्हती हेही तितकेच खरे.

सर्वांत कठोर उदाहरण बंगालचे आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरले तर त्याला रसद मिळू नये म्हणून सरकारने किनारी भागातला तांदूळ हलवला आणि होड्या काढून घेतल्या. खेळातल्या भाषेत ही उत्तम चाल आहे. प्रत्यक्षात त्याच होड्यांवर मासेमारी आणि धान्याची ने-आण चालत असे. त्यात वादळ, महागाई आणि साठेबाजी यांची भर पडली. १९४३ च्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मेली, असे अंदाज आहेत. असा दुष्काळ खेळात आणला तरी तो काही टक्क्यांची वजाबाकी म्हणूनच आणता येईल. आणि जर्मनीने केलेला यहुदींचा वंशसंहार तर खेळात मुळीच दाखवलेला नाही. तो खेळण्याचा विषय होऊ नये ही भूमिका आम्हाला पटते. परंतु परिणाम असा होतो की जर्मनी घेऊन खेळणाऱ्या मुलाला एक स्वच्छ, रंगीत नकाशा तेवढा दिसतो. ही पोकळी शिक्षकाने भरलीच पाहिजे. तेथे गप्प बसता येणार नाही.

मग हा खेळ मुलांनी खेळावा का? आमचे मत असे की वरच्या वर्गातल्या मुलांनी खेळायला हरकत नाही, मात्र सोबत वही असावी. वहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात खेळात घेतलेला निर्णय, दुसऱ्यात त्याने पडद्यावरचा कोणता आकडा बदलला ते, आणि तिसऱ्यात त्या निर्णयाने प्रत्यक्षात कोणाचे काय बदलले असते ते. पहिले दोन रकाने खेळता खेळता भरतील. तिसऱ्यासाठी पुस्तके उघडावी लागतील आणि घरातल्या वृद्धांना रेशनच्या दिवसांबद्दल विचारावे लागेल. ज्यांच्याकडे संगणक नाही त्या वर्गाने बैलाचे गणित घ्यावे, त्यात वाटेतली चराई मिळवावी, मग दुष्काळाचे वर्ष धरून ती काढून घ्यावी आणि धान्य देणाऱ्या गावासाठी एक रकाना वाढवावा.

पुढची सहल नाणेघाटात गेली तर तेथील गुहेतला सातवाहनकालीन शिलालेख मुलांना जरूर दाखवावा. तो इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो आणि भारतातले अंक कोरलेल्या अगदी जुन्या लेखांपैकी तो एक आहे. यज्ञांच्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी त्यात आकड्यांनी मोजलेली आहेत. घाट चढून ओझी आणणाऱ्यांचा आकडा तेथेही नाही. तो का नसावा, हा प्रश्न गुहेतच मुलांना विचारावा.