हॅरिएट नेवेलचं वादळ कुणी लिहिलं?

आमच्या आष्टा-सांगली भागात मिशन म्हटलं की मिरजेचं 1894 चं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं. त्याच्या ऐंशी वर्षं आधी वेगळ्या संस्थेचं अमेरिकन मराठी मिशन मुंबईत सुरू झालं. त्या मिशनचा इतिहास वाचायला घेतलात की सुरुवातीलाच एक बाई भेटते, जिचं पाऊल मराठी मुलखात कधी पडलंच नाही.

हॅरिएट अ‍ॅटवुड, जन्म 1793, मॅसॅच्युसेट्स. फेब्रुवारी 1812 मध्ये सॅम्युएल नेवेलशी लग्न आणि दहा दिवसांत जहाजावर. कलकत्त्याला पोचल्यावर कंपनी सरकारने निघून जायला सांगितलं, म्हणून ऑगस्टमध्ये दोघं मॉरिशसकडे निघाली. जहाज गळू लागलं, आंध्र किनाऱ्यावर कोरिंग्याला थांबावं लागलं. ऑक्टोबरमध्ये भर समुद्रात मुलगी झाली. मग वादळी वारा-पाऊस. बाळाला थंडी बाधली आणि चार-पाच दिवसांचं होऊन ते गेलं. 30 नोव्हेंबरला पोर्ट लुईमध्ये हॅरिएटही क्षयाने गेली. वय 19.

1814 मध्ये तिच्या आठवणींचं पुस्तक बोस्टनला निघालं. लेनर्ड वुड्स यांचं प्रवचन आणि त्याला जोडून तिची रोजनिशी, पत्रं. पुस्तक प्रचंड खपलं. आता बघा, वादळाची हकिगत तिच्या हातची नाही. ती आहे सॅम्युएलने सासूला लिहिलेल्या पत्रात. मुलगी आणि नात दोन्ही गेल्याचं एका आईला कळवणारा हा माणूस; लग्नाला वर्षही झालेलं नाही. त्याला सांगायचंय की ती शांतपणे, श्रद्धेने गेली. म्हणून वादळ थोडक्यात उरकतं आणि मृत्युशय्येवरचं बोलणं लांबत जातं. मला हे पत्र खोटं वाटत नाही. पण ते सांत्वनाचं पत्र आहे, आणि प्रवचनाशेजारी छापल्यावर त्याचं हौतात्म्य झालं. प्रबंधात नुसतं 'नेवेलच्या आठवणी' असं लिहून मोकळं होणं म्हणूनच पटत नाही. कोणतं पान कुणी, कुणाला, कधी लिहिलं, हे सांगायलाच हवं.

'वादळाने मायलेकींना नेलं' असं वाक्य लिहायचा मोहही होतो. हॅरिएटचे वडील 1808 मध्ये क्षयानेच गेले होते. तेव्हा बाळाच्या बाबतीत वादळ हे कारण धरता येईल; आईच्या बाबतीत जपून.

शब्दही तपासा. त्या वादळाला सरळ 'चक्रीवादळ' म्हणू नये. 'सायक्लोन' हा शब्दच कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी 1840 च्या दशकात घडवला. त्यांच्या अभ्यासात कोरिंग्याचं 1789 चं वादळ होतं, तेच कोरिंगा जिथे नेवेल जोडपं थांबलं होतं! पण त्यांना समुद्रात गाठलं ते वादळ कोणत्या जातीचं, हे एका पत्रातल्या चार ओळींवरून ठरत नाही.

याच बेटावर पुढे 1834 नंतर मजूर म्हणून मराठी कुटुंबंही गेली, रत्नागिरीकडची बरीच. 29 एप्रिल 1892 च्या चक्रीवादळाने पोर्ट लुई उद्ध्वस्त झालं, हजारावर माणसं मेली. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची नोंदवह्या आहेत : नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. कुणाचं छप्पर उडालं, कुणाचं लेकरू गेलं, ते त्या रकान्यांत मावत नाही. नेवेलच्या बाळाला आजीकडे पत्र लिहिणारा बाप होता आणि ते छापणारा छापखाना होता. इथे रकान्याबाहेरचं शोधायचं तर झाकरीच्या गाण्यांकडे, घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे जावं लागेल, आणि त्यासाठी वेगळी पद्धत शिकावी लागेल.

सॅम्युएल 1814 मध्ये मुंबईत आला, मराठी शिकला. 1821 मध्ये पटकीने तिथेच वारला. त्याच्यावर मात्र तेवढं खपणारं पुस्तक कुणी काढलं नाही.