‘हिया’, ‘तायो’ आणि ‘काप्वा’ : फिलिपिनो मानसशास्त्राचा भाषिक आधार

फिलिपाइन्समध्ये अमेरिकन राजवट स्थिर होत असतानाच, १९०१ साली, ‘टॉमस’ नावाच्या जहाजातून अमेरिकन शिक्षकांचा मोठा ताफा मनिलास उतरला. शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि १९०८ साली स्थापन झालेल्या फिलिपाइन्स विद्यापीठाची ज्ञानभाषाही तीच ठरली. या घटनांचा परिणाम अभ्यासक्रमापुरता मर्यादित राहिला नाही. तेथील माणसांच्या वर्तनाचे वर्णन करण्याची शास्त्रीय परिभाषाच परकी झाली. व्हर्जिलिओ एन्रिकेझ (१९४२–१९९४) यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून १९७१ मध्ये मायदेशी परतल्यावर जी ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’, म्हणजे फिलिपिनो मानसशास्त्राची, चळवळ उभारली, तिचा रोख या परिभाषेवर होता. १९७५ मध्ये तिची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या चळवळीची चर्चा बहुधा वसाहतवादविरोधी राजकारणाच्या अंगाने होते. तथापि तिचे बळ आणि तिचा दुबळेपणा ही दोन्ही तिच्या भाषिक युक्तिवादात आहेत.

ज्या प्रतिपादनाविरुद्ध एन्रिकेझ उभे राहिले ते १९६० च्या सुमारास आकारास आले. मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठातील जेझुइट मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिंच व त्यांचे सहकारी यांनी फिलिपिनो ‘मूल्ये’ सांगताना परस्परसंबंध सुरळीत राखण्याच्या वृत्तीस मध्यवर्ती स्थान दिले. ‘पाकिकिसामा’ म्हणजे समूहाशी जुळवून घेणे, ‘ऊतांग ना लोओब’ म्हणजे उपकाराचे ऋण आणि ‘हिया’ म्हणजे लज्जा वा संकोच, असे अर्थ रूढ झाले. या शब्दांतून उभा राहणारा माणूस आज्ञाधारक आणि भिडस्त आहे. राज्यकर्त्यांना तो सोयीचा वाटावा, यात नवल नाही.

यावरील सर्वांत समर्थ उत्तर इतिहासकार झ्यूस सालाझार यांनी दिले, आणि ते व्याकरणाचे उत्तर होते. तागालोग ही प्रत्ययप्रधान भाषा आहे. ‘हिया’ हा धातू सुटा घेऊन त्याचा अर्थ सांगता येत नाही. ‘नाकाकाहिया’ म्हणजे लाजिरवाणे, ‘नापाहिया’ म्हणजे खजील होण्याची पाळी आलेला, ‘माहियाइन’ म्हणजे लाजाळू. यांपैकी एक परिस्थितीचे वर्णन आहे, दुसरे घडलेल्या प्रसंगाचे, तर तिसरे स्वभावाचे. परकी अभ्यासकाने ही सर्व रूपे एका इंग्रजी नामात कोंबली आणि त्या नामास राष्ट्रीय स्वभाव मानले. ‘लाजाळू’, ‘लाजविणे’, ‘लाजिरवाणे’ आणि ‘निर्लज्ज’ यांतील भेद पुसून ‘मराठी माणसाचे मूल्य लाज हे होय’ असा सिद्धांत कोणी मांडला, तर त्यातील हास्यास्पदता मराठी वाचकास तत्काळ उमजेल.

‘पाकिकिसामा’बाबतचा युक्तिवाद इतका निर्दोष नाही. कार्मेन सान्तियागो आणि एन्रिकेझ यांनी १९७६ मध्ये दाखविले की, हा शब्द एकटा नसून औपचारिक सौजन्यापासून पूर्ण तादात्म्यापर्यंत जाणाऱ्या आठ पायऱ्यांपैकी मधली एक पायरी आहे. शब्द खरे आहेत. परंतु त्यांची चढती श्रेणी व्याकरणाने दिलेली नाही, ती संशोधकांनी रचलेली आहे. त्याच घडणीने ‘पाकिकिबाका’ (संघर्षात उतरणे) हा शब्दही होतो, तो या आठांत नाही.

सालाझार यांची पुढील ‘पान्तायोंग पानानाव’ ही इतिहासदृष्टी सर्वनामांवर उभी आहे. तागालोगमध्ये ‘तायो’ हे श्रोत्यास सामावून घेणारे, तर ‘कामि’ हे त्यास वगळणारे. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद तोच. वसाहतवाद्यांस उद्देशून त्यांच्याच भाषेत ‘आम्हीही हीन नाही’ असे सांगणारे लेखन सालाझार ‘कामि’च्या कोटीत घालतात, आणि एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिशमध्ये लिहिणारे सुधारकही त्यातून सुटत नाहीत. निकष कठोर आहे, पण उपयुक्त आहे. शोधनिबंधाचा श्रोता कोण, हा प्रश्न तो टाळू देत नाही.

‘काप्वा’बाबत मात्र एन्रिकेझ यांनी शब्दावर पेलवणार नाही एवढा भार टाकला आहे. इंग्रजीतील ‘इतर’ स्वतःला वगळतो, ‘काप्वा’त स्व आणि पर यांची एकता आहे, असे ते म्हणतात. भाषेत यास काही आधार निश्चित आहे : ‘काप्वा सिला गुरो’ म्हणजे ‘ते दोघेही शिक्षक’. परंतु ‘काप्वा ताओ’ (सहमानव) आणि ‘काप्वा पिलिपिनो’ (सहदेशबांधव) या प्रयोगांत एकतेची सीमा पुढील नाम ठरविते. परक्यासही ‘काप्वा’तच स्थान आहे, हे एन्रिकेझ यांचे म्हणणे नीतिशास्त्र म्हणून उदात्त असेल, पण शब्दाचा प्रयोग तेवढे सिद्ध करीत नाही. धातूवरून स्वभाव काढण्याची जी चूक ‘हिया’च्या संदर्भात उघड झाली, तीच येथे आदराच्या रूपाने परत येते.

शिवाय हे सारे शब्द मुख्यतः तागालोगचे आहेत. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा आधार म्हणून तागालोगची निवड झाली, तरी त्या देशात शंभराहून अधिक भाषा आहेत. ‘हिया’च्या जागी सेबुआनो भाषक ‘उलाव’ म्हणतो, इलोकानो भाषक ‘बाइन’. सहमानवास सेबुआनोत ‘इसिग्कातावो’ हा निराळ्याच घडणीचा शब्द आहे. एन्रिकेझ यांनी देशी भाषांच्या परस्पर तुलनेची आवश्यकता स्वतःच सांगितली होती. ती प्रत्ययांच्या पातळीवर करावयाची झाल्यास आरंभ ‘उलाव’च्या रूपांपासून करणे सोयीचे होईल, कारण तेथे ‘हिया’चे विश्लेषण पडताळण्यास तयार हाताशी आहे.