प्रॉम्प्ट-कॅशे : काटकसर आणि यथार्थता

कॅशे बाद करण्याचा प्रश्न संगणकशास्त्रात आजवर यथार्थतेचा प्रश्न मानला गेला. मूळ माहिती बदलली आणि जवळचा साठा जुनाच राहिला, तर वाचणाऱ्याच्या हाती शिळे उत्तर पडते. आज्ञावली-लेखनात साहाय्य करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांत हा प्रश्न वरवर पाहता केवळ खर्चाचा होऊन बसतो.

याचे कारण भाषा-प्रतिमानाच्या रचनेत आहे. प्रत्येक टोकनाचे गणित त्याच्या आधीच्या सर्व टोकनांवर अवलंबून असते. म्हणून प्रॉम्प्टचा आरंभापासूनचा जेवढा भाग तंतोतंत जुळतो, तेवढ्याचेच साठवलेले गणित पुन्हा वापरता येते. एक अक्षर बदलले, तरी त्यापुढील सर्व गणित नव्याने करावे लागते. अर्थात, येथे चुकीचा साठा हाती येण्याचे भय नाही; जुळणी मोडली तर वेळ आणि पैसा तेवढा अधिक लागतो.

हा फरक लहान नव्हे. ॲन्थ्रॉपिकने ऑगस्ट २०२४ मध्ये ही सोय उपलब्ध केली, तेव्हा साठ्यातून वाचलेल्या टोकनांचा दर मूळ दराच्या एक-दशांश, तर साठा लिहिण्याचा दर सव्वापट होता. साठ्याचे आयुष्य पाच मिनिटांचे असून प्रत्येक वापरासरशी ते नव्याने मोजले जाई. साधनांच्या व्याख्या, मूळ सूचना आणि नंतर संभाषण, असा क्रम असल्यामुळे मध्येच एखादे साधन जोडले, किंवा मूळ सूचनेत चालू वेळ लिहिली, की पुढचे सारे वाया जाते. ‘स्थिर ते आधी, चंचल ते शेवटी’ हा नियम त्यातूनच निघाला, आणि तो योग्यच आहे.

परंतु या नियमाची दुसरी बाजू दुर्लक्षित राहते. साहाय्यकाने वाचलेली फाइल प्रोग्रॅमरने नंतर बदलली, तरी तिची जुनी प्रत संभाषणात तशीच राहते. ती दुरुस्त करावी तर पुढचा साठा बाद होतो. म्हणून बदलाची सूचना शेवटी जोडली जाते आणि एकाच फाइलची दोन रूपे प्रतिमानासमोर उभी राहतात. दाराबाहेर घालविलेला शिळेपणा अशा रीतीने खिडकीतून परत येतो. फरक एवढाच की, आता तो कॅशेत नसून प्रॉम्प्टमध्येच असतो.

तेव्हा साठा किती वेळा उपयोगी पडला, एवढ्यावरून साहाय्यकाचे मूल्यमापन करणे एकांगी ठरते. साठा केव्हा जपावा याइतकेच तो केव्हा मोडावा, हेही ठरविले पाहिजे. विरामात साठ्याचे आयुष्य संपले असेल, तर जुन्या प्रती काढून टाकण्यास साठ्याच्या दृष्टीने वेगळी किंमत पडत नाही. ती संधी दवडणे ही काटकसर नव्हे. काम चालू असतानाही, जुन्या प्रतीमुळे चूक संभवत असेल, तर तो खर्च सोसणेच इष्ट होय.