‘शंभर अधिक वय’ : एका सूत्राची तपासणी

वरचा रक्तदाब किती असावा? ‘शंभर अधिक वय’, असे उत्तर आजही अनेक घरांत ऐकू येते. चाळिशीत १४०, सत्तरीत १७०. सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे आणि मनाला धीर देणारेही आहे. प्रश्न एवढाच, की ते खरे आहे का?

या सूत्रामागे दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे जे बहुतेकांत आढळते ते निरोगी. वयाबरोबर बहुतेकांचा वरचा दाब वाढतो, हे निरीक्षण बरोबर आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासायला हवा. पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे एखाद्या गावातील बहुतेक मुलांच्या दातांवर डाग पडले, तर डागाळलेले दात निरोगी ठरत नाहीत. ‘नॉर्मल’ हा शब्द आपण ‘नेहमीचा’ आणि ‘निरोगी’ अशा दोन्ही अर्थांनी वापरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

शिवाय ही वाढ सगळीकडे सारखी नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीत ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या, २० ते ५९ वयाच्या दहा हजारांहून अधिक लोकांचा रक्तदाब मोजला होता. ब्राझीलमधील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नसते. त्यांचा सरासरी दाब ९६/६१ होता आणि वयाबरोबर तो फारसा वाढत नव्हता. याचे सारे श्रेय मिठाला देता येणार नाही, कारण त्यांचे श्रम, वजन आणि एकूण राहणीही वेगळी आहे. पण ‘वय वाढले की दाब वाढणारच’ हा निसर्गनियम नाही, एवढे यावरून नक्की दिसते.

दुसरी समजूत अधिक चतुर आहे. हृदयातून निघणारी महारोहिणी तरुणपणी लवचीक असते. हृदय आकुंचन पावले की ती फुगते आणि मग हळूहळू पूर्ववत होत रक्त पुढे ढकलते. वयाबरोबर तिच्या भिंती ताठर होतात. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला वरचा दाब उंच चढतो, आणि दोन ठोक्यांमधला खालचा दाब उतरतो. म्हणूनच वृद्धांत १७०/७५ सारखे आकडे दिसतात. यावरून कोणी म्हणेल, ‘ताठर नळीतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच. तो शरीराची गरज आहे. कमी केला तर मेंदूला रक्त कमी पडेल.’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामवंत डॉक्टरांचे मत असेच काहीसे होते. युक्तिवाद तर्काला धरून आहे. पण तर्कशुद्ध वाटणे आणि खरे असणे यांत अंतर असते, आणि ते प्रयोगानेच मोजावे लागते.

असा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ‘शेप’ या चाचणीत साठीपुढील ४७३६ जण होते. त्यांचा वरचा दाब १६० किंवा अधिक, पण खालचा ९० च्या आत होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधहीन गोळी. या लोकांचे सरासरी वय होते ७२ आणि सरासरी वरचा दाब १७०. आपल्या सूत्राने तपासा : १०० अधिक ७२ म्हणजे १७२. सूत्रानुसार ही मंडळी ठणठणीत! प्रत्यक्षात औषध न मिळालेल्या दर १०० जणांपैकी ८.२ जणांना पाच वर्षांत पक्षाघात झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ५.२ होते. पुढे २००८ मध्ये ‘हायवेट’ चाचणीने ऐंशी ओलांडलेल्या ३८४५ जणांवर हीच परीक्षा घेतली. तेथे १५०/८० पर्यंत दाब उतरवण्याचे उद्दिष्ट होते. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी भरले. ‘गरजेचा दाब’ ही कल्पना येथे टिकली नाही.

मात्र एक सूत्र टाकून लगेच दुसरे डोक्यावर घेण्याची घाई नको. २०१५ च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत पन्नाशीपुढील ९३६१ जणांपैकी एका गटाचे उद्दिष्ट १२० च्या खाली, तर दुसऱ्याचे १४० च्या खाली होते. पहिल्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे चतुर्थांशाने कमी झाल्या, अशी बातमी जगभर गेली. ती खरीच आहे. पण तेच आकडे असेही सांगता येतात : सुमारे सव्वातीन वर्षांत अशा घटना १०० पैकी ६.८ जणांऐवजी ५.२ जणांत घडल्या. फायदा खरा आहे, पण ‘चतुर्थांश’ ऐकून वाटतो तेवढा डोळे दिपवणारा नाही. दाब फार उतरणे, भोवळ येऊन पडणे, मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे प्रकार पहिल्या गटात अधिक होते. शिवाय मधुमेही, पूर्वी पक्षाघात झालेले आणि उभे राहिल्यावर दाब फार उतरणारे लोक या चाचणीत घेतलेच नव्हते. दाबही पाच मिनिटे शांत बसवून स्वयंचलित यंत्राने मोजला होता. गर्दीच्या दवाखान्यात धावतपळत आलेल्या माणसाचा आकडा याच्याशी कसा ताडून पाहणार?

म्हणून वृद्ध व्यक्तीचा दाब शांत बसल्यावर, एकाहून अधिक वेळा आणि उभे राहिल्यावरही मोजायला हवा. उद्दिष्ट किती ठेवायचे, ते त्या व्यक्तीची एकूण प्रकृती पाहून डॉक्टरांनी ठरवावे. वाढलेला दाब बहुधा दुखत-खुपत नाही. त्यामुळे ‘बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

वर्गात ‘१२०/८०’ एवढे सांगून हा धडा संपवू नये. शेपचे ८.२ आणि ५.२ हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना त्यांवर दोन बातम्या लिहायला सांगाव्यात. एक टक्केवारीतील घट सांगणारी, दुसरी शंभरातील माणसे मोजणारी. ३६ टक्के आणि शंभरात तीन, दोन्ही उत्तरे बरोबर येतील. मग विचारावे : आजोबांना गोळीबद्दल निर्णय घ्यायचा असेल, तर त्यांना यांतले काय सांगाल? आणि का?