धनुष्य कोणाकडे वळवावे? : ‘मॉकिंगजे’च्या निमित्ताने

ज्यांचे आईबाप बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली राबतात, अशा मुलामुलींचा एक लहानसा अभ्यासवर्ग मी रविवारी घेतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक अमेरिकन कादंबरी वाचली. मी इंग्रजीतून वाचायचो आणि मराठीतून सांगत जायचो. पुस्तक संपले त्या दिवशी बारावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, तिनं ‘हो’ काऊन म्हटलं?” मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ या कादंबरीत्रयीतील ‘मॉकिंगजे’ ही शेवटची कादंबरी 2010 साली प्रसिद्ध झाली. पहिली 2008 ची, दुसरी 2009 ची. किशोरांसाठीचे रंजक लेखन म्हणून आपले समीक्षक अशा पुस्तकांकडे पाहतही नाहीत. पण दलित साहित्याने अमेरिकेतील काळ्या लेखकांशी नाते जोडले आणि 1972 साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव तिकडूनच घेतले, तेव्हा आपण प्रस्थापितांची परवानगी मागितली नव्हती. आपली मुले काय वाचतात आणि त्यातून काय घेतात, याची चिकित्साही आपणच केली पाहिजे.

या कादंबऱ्यांतील पॅनेम राष्ट्रात ‘कॅपिटॉल’ नावाची राजधानी आहे आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे आहेत. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची, त्यांना एकमेकांना मारायला लावायचे आणि तो खेळ सर्वांना दाखवायचा. उपाशी घरातील मुलाने धान्य घेतले की त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात. म्हणजे चिठ्ठी सर्वांसाठी असली, तरी मरण गरिबाकडेच अधिक वळते. शिवाय सगळे जिल्हे सारखेच दबलेले नाहीत. पहिला आणि दुसरा जिल्हा कॅपिटॉलच्या मर्जीतले, बारावा कोळसा खणणारा आणि तुच्छ. त्या बाराव्यातही गोरे दुकानदार वेगळे आणि सावळे खाणकामगार वेगळे. बाबासाहेबांनी जिला क्रमिक विषमता म्हटले, ती वेगळ्या नावाने येथे उभी आहे. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी आहे, म्हणून सगळे मिळून उठत नाहीत.

शेवटच्या कादंबरीत बंड पेटलेले आहे. कॅटनिस ही खाणकामगाराची मुलगी आता तेराव्या जिल्ह्यात आहे. हा जिल्हा नष्ट झाला असे सर्वांना सांगितले गेले होते, पण तो जमिनीखाली जिवंत आहे. तेथे अन्न मोजून मिळते आणि दिवसाचे वेळापत्रक रोज सकाळी हातावर शाईने उमटते. बेचिराख झालेल्या बाराव्या जिल्ह्यातील माणसांना तेथे आसरा मिळतो. पण साथीने तेराव्याची प्रजा घटली आहे, त्यांना माणसे हवीच आहेत, हे कॅटनिसच्या ध्यानात येते. पाळीच्या भोंग्यावर ज्यांचे घर चालते, त्या माझ्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही. गरज असेपर्यंतच आपले स्वागत असते, हे त्यांनी घरातच पाहिले आहे.

अध्यक्ष कॉइन आणि त्यांचे प्रचारक कॅटनिसला बंडाचे प्रतीक बनवतात. पोशाख ठरतो, वाक्ये लिहून दिली जातात, कॅमेरे लागतात. स्टुडिओत ती खोटी वाटते. आठव्या जिल्ह्यातील रुग्णालय बाँबने उडालेले पाहून ती बोलते, तेव्हाच खरी वाटते. पण त्या खऱ्या संतापाचीही फीत कापून प्रचाराला वापरली जाते. येथे मला ‘बलुतं’ आठवते. तेथेही एक माणूस दोन झाला आहे, दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. परंतु ते दुभंगणे त्याने स्वतः तपासले आहे, शब्द त्याच्या हातात आहेत. कॅटनिसचे दुभंगणे दुसऱ्यांच्या टेबलावर जुळवले जाते.

कादंबरीचे मर्म मला दुसऱ्या जिल्ह्यातील डोंगराच्या प्रसंगात दिसते. त्या डोंगराच्या पोटात शत्रूचा लष्करी तळ आहे. दरडी कोसळवून आतल्या सर्वांना गाडावे, अशी योजना कॅटनिसचा मित्र गेल मांडतो. त्याचा बाप आणि कॅटनिसचा बाप एकाच खाणस्फोटात मेलेले. खाणीत बाप गमावलेला मुलगा दुसऱ्यांच्या बापांना जिवंत गाडू पाहतो! बाहेर निसटलेला एक जखमी माणूस कॅटनिसवर बंदूक रोखतो, तेव्हा ती त्याला सांगते की तुझे-माझे वैर नाही, आपण दोघेही कॅपिटॉलचे गुलाम आहोत. तो गोंधळतो. तेवढ्यात दुसरीकडून गोळी येते आणि ती कोसळते. क्रमिक विषमतेविरुद्धचे सर्वांत खरे वाक्य पूर्ण होण्याआधीच तोडले जाते. हे लेखिकेला नेमके कळले आहे.

पुढे कॅपिटॉलमध्ये मुलांच्या घोळक्यावर स्फोटके पडतात. मदतीला लोक धावतात आणि दुसरा स्फोट होतो. त्यात कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. असा दुहेरी सापळा गेलनेच आखला होता. हे कृत्य कॉइनच्या माणसांचे, असे पराभूत अध्यक्ष स्नो सांगतो आणि कॅटनिसला ते पटत जाते. नंतर कॉइन प्रस्ताव मांडतात : कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घेऊ. उरलेल्या सात विजेत्यांनी मत द्यायचे. तिघे नाही म्हणतात. कॅटनिस प्रिमसाठी म्हणून ‘हो’ म्हणते आणि प्रस्ताव चार विरुद्ध तीन मतांनी संमत होतो. पण स्नोला मारण्याची वेळ येते तेव्हा तिचा बाण कॉइनला लागतो.

तिचा ‘हो’ हा कॉइनला गाफील ठेवण्याचा डाव होता, असे पुष्कळ वाचक मानतात. पुस्तक तसे स्पष्ट म्हणत नाही. वर्गातला एक मुलगा म्हणाला, “त्यांनी आमचे पोट्टे मारले, मंग त्यांचे काऊन सोडाचे?” प्रश्न विचारणारी मुलगी शांतपणे म्हणाली, “मंग हेबी तसेच झाले न.” मला आज वाटते की त्या क्षणी कॅटनिसमध्ये ही दोन्ही मुले बोलत होती. सूडाची भूक खरी होती आणि तिची ओळख पटणे हेही खरे होते. म्हणूनच तो ‘हो’ पुसून टाकू नये. पीडित माणूस आपोआप पवित्र होत नाही, हे कबूल करण्याचे धैर्य त्यात आहे.

नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूच्या भाषणात बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना साधनांचाच प्रश्न उभा केला होता. बळाने आणलेले बळ असेपर्यंतच टिकते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्याआधी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. ज्याच्या चरणी आपण आपले स्वातंत्र्य ठेवतो तो आपल्याच बाजूचा असला, म्हणून धोका कमी होत नाही. कॉइन नेमकी आपल्या बाजूची आहे. चळवळीत पोस्टर चिकटवणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या नेत्याला जाब विचारायचा की नाही, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे. फरक एवढाच की जाब विचारण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला बाण दिलेला नाही. मत आणि संविधान दिले आहे.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिल्या भागातील रू ही शेतमजुरांच्या जिल्ह्यातील काळी मुलगी कॅटनिसला जागे करण्यासाठी मरते. शेवटच्या भागात तिची फक्त आठवण उरते. 2012 च्या चित्रपटात रू काळी दिसली म्हणून काही प्रेक्षकांनी रागाने लिहिले, हे पाहता तिच्या लोकांना अधिक जागा मिळायला हवी होती. शिवाय निर्णायक घटना घडतात तेव्हा नायिका वारंवार जखमी होऊन बेशुद्ध असते आणि वाचकाला सत्तापालट ऐकीव कळतो. आठव्या जिल्ह्याची सेनानी पेलर अध्यक्ष होते. पण नवी घटना, जमीन, मजुरी यांविषयी जवळजवळ मौन आहे. अखेरीस कॅटनिस, पीटा आणि त्यांची दोन मुले एका कुरणात दिसतात. त्या कुरणाखाली मृतांची सामूहिक कबर आहे, एवढे भान लेखिका सोडत नाही. तरीही व्यवस्थेच्या प्रश्नाचे उत्तर घराच्या उंबऱ्याआड शोधले जाते, हे मला अपुरे वाटते.

पण पुस्तकाचे आयुष्य पुस्तकातच संपत नाही. या कथेतील तीन बोटांची सलामी 2014 साली थायलंडमध्ये लष्करी उठावाविरुद्ध तरुणांनी केली. 2021 साली म्यानमारमध्येही केली. कल्पनेतली खूण खऱ्या रस्त्यावर आली.

त्या मुलीला आता मी उत्तर देऊ शकतो. ती ‘हो’ म्हणाली, कारण ती माणूस होती आणि तिची बहीण मेली होती. पण तिथेच ती थांबली नाही. तू मात्र तिच्या पुढे जा. नेता आपला असो की परका, त्याने कोणाच्याही लेकराची चिठ्ठी काढायला सांगितली, तर पहिल्याच मतदानात ‘नाही’ म्हण.